मालकीणबाईचा मेलेला नवरा

खोली दाखवायच्या आधी तिनं मला विचारलं, "तू रडतीस का गं?"

"कशाला रडू?" मी म्हणाले.

"बाया रडतात. आधीची भाडेकरीण नवरा कामाला गेला की बसायची सूर लावून. मधली भिंत एका विटेची हाय, मला सगळं ऐकू येतं. मला ते चालत न्हाई."

मी सांगितलं, आई मेली तेव्हा रडले होते, नंतर सवड मिळाली नाही. तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. भाडं, पाणी, लाईट यांचं बोलणं संध्याकाळी झालं.

आमचा माणूस एसटीत ड्रायव्हर. जाफराबादला बदली झाली म्हणून आम्ही इकडं आलो. मला वाटलं होतं वर्ष-दोन वर्षं काढू अन् जाऊ. पोरांची लग्नं त्याच दोन खोल्यांतून झाली. ती मला कायम 'ड्रायव्हरीण' म्हणायची, मी तिला मालकीणबाई. पुढं तिची पिठाची गिरणी, मागं तिची एक खोली, बाजूला आमच्या दोन. ती निळं पातळ नेसो नाहीतर जांभळं, गिरणी सुरू झाली की तासाभरात पांढरंच दिसायचं. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. कपाळ कोरं, हात मोकळे.

गावाला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की ती केदारखेड्याची सून. नवरा तरणा असतानाच मेला, पोरबाळ नाही, अंगावरचं सोनं मोडून गिरणी टाकली. विधवा बाईबद्दल लोक यापेक्षा जास्त विचारत नाहीत. मीही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. आमच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात. ही खुशाल घ्यायची, तेही अरे-तुरेत, बैलाचं घ्यावं तसं. मी एकदा म्हणाले, "मालकीणबाई, असं घेऊ नये."

"मेलेल्याची कसली लाज?" ती म्हणाली अन् दुसऱ्या बाईचा डबा ओतायला लागली.

गिरणीत तिचं राज्य होतं. मोठ्या घरची बाई असो की मजुरीला जाणारी, डबा नंबरानंच लागायचा. बाजरीनंतर गहू घ्यायचा असला तर मधी मूठभर गहू स्वतःच्या घरचा टाकायची, म्हणजे पुढच्या पिठात काळपट उतरू नये. कोणाची ज्वारी किडकी निघाली तर सगळ्यांसमोर सांगायची, "ही कोंबड्यांना घाल, लेकरांना नको." सुना दळण घेऊन आल्या की सासूचं गाऱ्हाणं सांगायच्या. ही विचारायची, "जल्दी बोल, तुझं दळण संपत आलंय. सासू मेली तर पायजे का सुधरली तर पायजे?" सून डब्याकडं वळायची. "मंग घरी जाऊन आधी ते ठरव."

तिला पिक्चरचं वेड होतं. गिरणीत वर फळीवर टीव्ही, त्यावर प्लास्टिकची पिशवी ओढलेली. लाईट असली की गिरणी चालू अन् टीव्हीही चालू. लाईट गेली की दोन्ही बंद. त्यामुळं त्या गिरणीत पिक्चरचा आवाज कधी कोणाला ऐकू आला नाही. पट्ट्याच्या आवाजात समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथं पिक्चरचं काय येणार. तिला त्याची अडचण नव्हती. पडद्यावरची माणसं काय बोलतात ते तीच ठरवायची अन् आम्हाला ओरडून सांगायची.

"आता तो म्हणून राह्यला, आई, मी शहरात जाऊन साहेब होतो. आई म्हणून राह्यली, आधी गोठा झाडून जा."

बाया हसून लोळायच्या. एकदा एक हीरो आईच्या मांडीवर डोकं ठेवून मरत होता. सगळ्या बाया पदराला डोळे पुसायला लागल्या. ही म्हणाली, "काही न्हाई झालं त्याला. उवा बघायला सांगून राह्यला." बायांना धक्काच बसला. मरणाची चेष्टा अशी कोणी करत नाही. पुढं तोच पिक्चर मी लेकीकडं जालन्याला आवाजासकट पाहिला. तो खरंच मरत होता अन् फार बोलत होता. मालकीणबाईची गोष्ट बरी होती.

एकदाच तिनं पिक्चर मधून बंद केला. त्यात एक शिपाई लढाईत मेला असं घरी कळतं, बायको पांढरं नेसते, अन् शेवटी तो काठी टेकत दारात येतो. बायको धावत जाऊन पायावर पडते, सासू तिला कुंकू लावते. दळणाला आलेल्या एक-दोघींनी हात जोडले. मालकीणबाई स्टुलावर चढली अन् टीव्हीचं बटण दाबलं.

"का बंद केला? आता तर चांगलं झालं," कोणीतरी म्हणालं.

"काय चांगलं झालं? आता त्याला जेवायला घालायचं, कपडे धुवायचे, पाय दाबायचे. मेला व्हता तर तिला शिलाई मशीन मिळाली व्हती. बघितली न्हाई का, किती झ्याक शिवून राह्यली व्हती ती?"

त्या बायांनी मला वाटेत गाठून विचारलं, तुमच्या मालकीणबाईचं डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हणाले, भाडं वाढवत नाही, बाकी मला माहीत नाही.

देवाचंही तिचं तसंच. दर चतुर्थीला ती जीपमध्ये बसून राजूरला गणपतीला जायची. मी दोन-चार वेळा बरोबर गेले. लोक रांगेत हात जोडून, डोळे मिटून, काहीतरी मागत उभे. ही डोळे उघडे ठेवून देवाशी बोलायची. पुटपुटायची नाही, शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. "मागच्या महिन्यात जातं बदललं. पीठ आता बराबर येऊन राह्यलं. बाकी हाय तसंच." नारळ नाही, नवस नाही. मागच्या माणसानं ढकललं की निघायची.

मी जीपमध्ये विचारलं, "तुम्ही काही मागत का नाही?"

"त्याला माझं सगळं म्हाईत हाय. मी सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंय?"

"तुला कशाला? तू बोलतीस. तो बोलत न्हाई."

आता तिच्या त्या कारल्याचं सांगते. पितृपंधरवड्यात सगळे आपापल्या माणसाच्या तिथीला पान वाढतात. ही सर्वपित्री अमावस्येला वाढायची, कारण म्हणे तिथी आठवत नाही. स्वतःच्या नवऱ्याची तिथी आठवत नाही, हे ऐकून मी गार झाले होते. त्यात ती काय रांधायची? गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते करायची रीत आहे. खीर, वडे, कढी. ही भरपूर कारलं करायची, अन् ज्वारीची भाकरी. बाकी काही नाही.

"त्यांना कारलं आवडायचं का?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"बिलकुल न्हाई. ताटात दिसलं की ताट सरकवायचा."

"मग काय आवडायचं?"

"कढी."

"मग कढी करा की!"

"कशाला?"

अमावस्येला आमच्या गल्लीत घराघराच्या भिंतीवर पानं ठेवलेली असायची अन् कावळे इकडून तिकडं उडत असायचे. सगळ्यांची पानं कावळे फस्त करायचे. हिच्या पानाला एकही कावळा चोच लावायचा नाही. बाया म्हणायच्या, त्याचा जीव कशात तरी अडकलाय, काही इच्छा राहिली असेल. ही म्हणायची, "राहू दे राह्यली तर." संध्याकाळी ते पान ती गाईला घालायची. गायही पहिल्यांदा हुंगून बघायची.

ज्या अमावस्येला ते घडलं, त्या दिवशी मी दारात ज्वारी पाखडत होते. गिरणी चालू होती. बारा वाजून गेले होते, गल्लीतली सगळी पानं कावळ्यांनी खाऊन झाली होती. भिंतीवर एकच पान राहिलं होतं, आमच्या मालकीणबाईचं. एक म्हातारा गल्लीच्या तोंडाकडून आला. धोतर मळलेलं, हातात कापडी पिशवी. तो भिंतीजवळ थांबला, पानाकडं बघितलं, इकडंतिकडं बघितलं अन् भाकरीचा तुकडा मोडून कारल्याला लावून तोंडात घातला.

मी ओरडले, "अहो बाबा! ते कावळ्याचं हाय! पितराचं पान हाय ते!"

"भूक लागलीय माय," तो म्हणाला अन् खातच राहिला.

माझ्या ओरडण्यानं शेजारच्या दोन बाया बाहेर आल्या. पितराचं पान जिवंत माणसानं खाल्लेलं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. एक तर राम राम म्हणायला लागली. तेवढ्यात मालकीणबाई गिरणीच्या दारात आली. हातात सुपडं, तोंडभर पीठ. तिनं त्या माणसाकडं पाहिलं. तो खात होता. तिनं बराच वेळ पाहिलं. मग त्याचं नाव घेतलं. तेच नाव, जे इतकी वर्षं ती बैलासारखं घ्यायची.

"कारलं खातोस व्हय रे आता?"

म्हाताऱ्यानं घास गिळला. "खातो," म्हणाला.

माझ्या हातात सूप तसंच राहिलं. शेजारची बाई मला विचारायला लागली, "काय म्हणाली? कोणाला म्हणाली?" मालकीणबाई आत वळली. मी मागं धावले, "मालकीणबाई, हा कोण?"

"जात्यात एकीची बाजरी हाय. ती निघू दे, मंग सांगते."

खरंच तिनं बाजरी काढली, डबा भरला, त्या बाईला दिला अन् मग पट्टा थांबवला. तोवर तो म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, पान चाटून पुसून साफ.

तिनं माझ्या उंबऱ्यावर बसून सांगितलं, ते असं. तिचा नवरा मेलाच नव्हता. लग्नाच्या चौथ्या वर्षी तो दुसऱ्या एका बाईबरोबर नाशिककडं निघून गेला. सासरचे म्हणाले, येईल, थांब. ती थोडे दिवस थांबली. मग एक दिवस नदीवर गेली, दगडावर बांगड्या फोडल्या, कुंकू धुतलं, दिराला सांगितलं, "मी जमिनीत वाटा मागत न्हाई, तुम्ही तोंड उघडू नका," अन् जाफराबादला येऊन नवरा मेला म्हणून सांगितलं. दिराला ते सोयीचंच होतं. तो गप्प बसला.

"पण मेला म्हणून कशाला सांगायचं? देवाला तरी भ्यायचं होतं," मी म्हणाले.

"देवाला पहिल्याच चतुर्थीला सांगितलं. तो काही बोलला न्हाई."

"अन् लोकांना?"

"ड्रायव्हरीण, मी टाकलेली बाई हाय असं तुला सांगितलं असतं, तर तू काय विचारलं असतं?"

मी विचार केला. "का टाकलं, ते विचारलं असतं."

"बराबर. स्वयंपाक येत नव्हता का, पोर व्हत नव्हतं का, चालीची कशी व्हती. रोज एकीनं विचारलं असतं. विधवेला कोणी विचारत न्हाई, तू काय केलंस म्हणून. म्हणून मारला त्याला."

हे ती दळणाचा भाव सांगावा तसं सांगत होती. मी त्या बाईशेजारी अर्धं आयुष्य काढलं होतं. संक्रांतीला तिला सोडून बाकी सगळ्या गल्लीला वाण दिलं होतं. अन् तिचा नवरा बाहेर भिंतीला टेकून ढेकर देत बसलेला.

तिसऱ्या दिवशी केदारखेड्याहून जीप आली. दीर, त्याची बायको अन् गावातला एक जाणता माणूस. तोवर बातमी गावभर गेली होती. गल्लीतल्या बायांना तर लग्नघर असल्यासारखं झालं होतं. मेलेला धनी परत आला, यापेक्षा शुभ काय? त्यांनी हळदीकुंकवाचं ताट केलं, हिरवा चुडा आणला. ताट माझ्या हातात दिलं, कारण मी घरातलीच. गिरणी बंद होती. म्हातारा कोपऱ्यात पोत्यावर बसला होता. त्या दोन रात्री तो कुठं झोपला, हे मी पाहिलं होतं. गिरणीच्या ओट्यावर, बाहेर.

दीर म्हणाला, "वहिनी, झालं ते झालं. ती बाई वारली. तिच्या पोरांनी दादाला बाहेर काढलं. आमच्याकडं आला, तुमचा ठावठिकाणा आम्हीच सांगितला. आता तुमचा कुंकवाचा धनी दारात आलाय. नशीब म्हणा."

"माझा धनी मेलाय, भाऊजी. गावाला इचारा."

"आता चेष्टा पुरे. समोर बसलाय तो."

जाणता माणूस म्हणाला, "बाई, आता तुझं वय झालं. घरात पुरुष माणूस आल्यावर तू कशाला पट्ट्याखाली बसायचं? गिरणीचं तो बघंल. घरावर बी दोघांचं नाव लावून टाकू, म्हणजे पुढं कटकट न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, जीप कशासाठी आली ते. तिनं कुंकू लावून घेतलं, की ती त्याची बायको. बायको झाली की घर त्याचं, गिरणी त्याची, अन् त्याच्या मागं दिराची. नाही म्हणाली, तर म्हाताऱ्या नवऱ्याला रस्त्यावर टाकणारी बाई. तोंडावर थुंकलं असतं गावानं, अन् दळणही बंद झालं असतं. बाया ताटाकडं बघत होत्या. जाऊबाई म्हणाली, "चला, वेळ चांगली हाय, लावून घ्या."

मालकीणबाई त्यांच्याशी बोललीच नाही. ती पोत्याकडं वळली.

"तुला काय पायजे रे?"

त्या माणसाला आल्यापासून हे कोणी विचारलं नव्हतं. तो गांगरला. "जेवायला."

"अन्?"

"पडायला जागा."

"नवरा व्हायला आलास का?"

त्यानं माझ्या हातातल्या ताटाकडं पाहिलं. मग मान हलवली. "न्हाई. ते मला जमलं न्हाई तेव्हा बी."

"गडी म्हणून राहतोस का? दळण उचलायचं, गिरणी झाडायची, पीठ सांडलं तर ओरडा खायचा. दोन टाइम जेवण अन् गड्याचा पगार. गिरणीतच पडायचं, आत यायचं न्हाई. मला मालकीणबाई म्हणायचं."

"बरं, मालकीणबाई," तो म्हणाला.

मला टीव्हीवरच्या प्लास्टिकचा वाऱ्यानं होणारा आवाज ऐकू आला. मग एकदम गलका. दीर उठून उभा राहिला. "बायकोनं नवऱ्याला गडी ठेवला, असं जगात कुठं झालंय का?"

"तुमच्या दादानं केलं ते जगात झालं. हे बी व्हईल."

"पाप लागंल, वहिनी!"

"लागू द्या. इतक्या दिवसांची विधवा हाय मी, सवय हाय."

जाणता माणूस म्हाताऱ्याला म्हणाला, "अरे, तुला काही लाज?" म्हातारा झाडू शोधत होता. माझी पंचाईत ताटाची झाली. भरलेलं ताट तसंच परत कसं न्यायचं? मी ते कुंकू जाऊबाईला लावलं, बाकीच्या बायांना लावलं अन् घरी आले.

आमचा माणूस ड्यूटीवरून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला. म्हणाला, "त्या बाईजवळ फार बसत जाऊ नको."

लोकांनी पंधरा दिवस दळण दुसऱ्या गिरणीवर नेलं. पण तिथं पिठात कचकच लागायची, अन् इथं काय चाललंय ते बघायचीही घाई होती. हळूहळू सगळे परत आले. म्हातारा काम चांगलं करायचा. तरुणपणी काय होता देव जाणे, पण आता डबा न सांडता ओतायचा. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून खरखरीत करायला शिकला. बाया मुद्दाम त्याच्यासमोर "मालकीणबाई" असं लांबवून हाक मारायच्या अन् त्याच्या तोंडाकडं बघायच्या. त्याला काही वाटायचं नाही. निदान दिसायचं नाही.

कारलं मात्र त्या दिवसानंतर तिच्या चुलीवर शिजलं नाही. पुढच्या अमावस्येला भिंतीवर पानही नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, "समोर बसून जेवतो की आता. कावळ्याला कशाला मधी घ्यायचं?"

दोघं बोलायची कामापुरतं. दुपारी टीव्हीवर पिक्चर लागला की तो उंबऱ्यात बसायचा अन् ती आतून ओरडून सांगायची, कोण काय म्हणतंय ते. तो मान हलवायचा. एकदा पिक्चरमध्ये एक बाई नवऱ्याच्या पायावर डोकं आपटून माफी मागत होती. गिरणीत पाच-सहा बाया होत्या. सगळ्यांनी माना वळवल्या, आता ही काय सांगते म्हणून. ती काही बोललीच नाही. तेवढ्यात म्हातारा उंबऱ्यातून ओरडला, "ती म्हणून राह्यली, तुमच्या चपला कितीला घेतल्या?"

मालकीणबाई हसली. दात दिसेपर्यंत हसली. इतक्या वर्षांत मी तिला दुसऱ्याच्या बोलण्यावर हसताना पाहिलं नव्हतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला तर त्याला गडी ठेवला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का त्या हसण्याचा बसला. मी माझ्या नवऱ्याच्या बोलण्यावर कधी हसले, हे मला आठवेना. मी डबा उचलला अन् घरी आले.

तो आजारी पडला तेव्हा ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मी बरोबर होते. डॉक्टरनं विचारलं, "हे तुमचे कोण?" मला वाटलं, आता तरी. ती म्हणाली, "गडी हाय. कामाचा हाय, नीट बघा." रोज दोन वेळ पेज करून गिरणीत नेऊन द्यायची. आत मात्र त्याला एक दिवसही झोपवलं नाही. गिरणीत पंखा लावला, खाट घेतली, पण आत नाही. मी एकदा बोलले, "माणूस आजारी आहे, आता तरी आत घ्या." ती म्हणाली, "त्यानं बी म्हटलं न्हाई. तू कशाला म्हणून राह्यली?"

एका दुपारी लाईट गेलेली असताना ती माझ्या दारात आली. "ड्रायव्हरीण, गडी उठून न्हाई राह्यला."

तो खाटेवर होता, तोंड उघडं. मी हात लावून पाहिलं अन् तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्या पायावरचं पीठ पदरानं झटकलं. एवढंच.

केदारखेड्याहून सगळे आले. पुतण्यानं मडकं धरायचं ठरलं. पुरुष बाहेर तिरडी बांधायला लागले अन् बाया आत जमल्या. आता बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. मी अशा कितीतरी बायांचे हात धरले आहेत, मला रीत माहीत आहे. पण इथं पुसायचं काय अन् फोडायचं काय? कपाळ कोरं, हात मोकळे. बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

जाऊबाई तयारीनं आली होती. तिनं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या, कुंकवाची डबी काढली. "आधी भरू, मंग फोडू. रीत पुरी व्हायला पायजे, न्हाईतर दादाला गती मिळायची न्हाई." अन् अंगणातून एक दगड आणून तिनं शेजारी ठेवला.

फोडायच्या म्हणून भरायच्या! पण बोलायची माझी जागा नव्हती. मला वाटलं, मालकीणबाई आता हिला उभी हाकलून देणार.

ती म्हणाली, "आण."

तिनं दोन्ही हात पुढं केले. जाऊबाईनं बांगड्या भरल्या. हात कामाचे, हाडं रुंद झालेली, बांगड्या चढता चढेनात. तेल लावून चढवल्या. मग तिनं कुंकू लावलं. त्या कोऱ्या कपाळावर कुंकू बघून एक-दोघींनी तोंडाला पदर लावला. मीही पहिल्यांदाच बघत होते. ती वेगळी बाई दिसत होती.

"आता हात खाली ठेवा," जाऊबाई म्हणाली अन् दगड उचलला.

मालकीणबाईनं हात उचलून डोळ्यांसमोर धरले. मनगट इकडून तिकडं फिरवून पाहिलं. मग पदर खोचला अन् उठली.

"राहू दे," म्हणाली. "चांगल्या दिसून राह्यल्या."

"वहिनी! तो बाहेर तिरडीवर हाय!"

"त्याचं माझं सुतक कवाच फिटलंय. गडी व्हता, चांगला व्हता. त्याला नीट न्या." अन् बांगड्या घातलेल्या हातांनी, कपाळाला कुंकू, ती बाहेर गेली, सगळ्या पुरुषांसमोर. तिरडीजवळ उभी राहिली. खांदा देणारा एक जण तर खाली बघायचं विसरून तिच्याच तोंडाकडं बघत राहिला. तिरडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती उभी होती, मग आत येऊन तिनं गिरणी झाडायला घेतली.

बाया एक-एक करून चपला घालून निघाल्या. जाऊबाईच्या हातात दगड तसाच होता. तो कुठं ठेवायचा, हे तिला कळेना. दारात ठेवावा तर अपशकुन, आत ठेवावा तर कोणाच्या नावाचा? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? शेवटी तिनं तो बांगड्यांच्या रिकाम्या पिशवीत घातला अन् केदारखेड्याला घेऊन गेली.